करमणुकीची पट्टी

घरपट्टी वाढली की माणूस ग्रामपंचायतीत जाऊन भांडतो. पाणीपट्टी वाढली की नळाला पाणी किती वेळ येतं याचा हिशेब मांडून तो ती दोन-चार महिने अडवून धरतो. बांगडा महागला, तर शिव्या कोणाला घालायच्या हे मालवणच्या माणसाला पाठ असतं. पर्ससीनवाले, परप्रांतातले ट्रॉलरवाले, मतलई वारा, आणि यांतलं कोणी हाताशी नसलं तर समोर टोपली घेऊन बसलेली बाई. परंतु टेलिव्हिजनची पट्टी वाढली म्हणजे भांडायचं कोणाशी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

केबलवाला आमच्याच गावचा. त्याच्या बापाला मी ओळखतो, त्याच्या लग्नात मी जेवलो आहे. तो पावतीपुस्तक मांडीवर ठेवतो, चहा घेतो, आणि रागावावं म्हणून मी तोंड उघडलं की वर बोट करतो. "काका, माझ्या हातात काय आसा? वरसून वाडला!" आता हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे? आकाशात पाहावं तर विषुववृत्ताच्या डोक्यावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह. दिल्लीकडे पाहावं तर दूरसंचार नियामक प्राधिकरण. मुंबईकडे पाहावं तर वाहिन्यांचे मालक. देवाच्या खालोखाल इतक्या उंचावर बसून पट्टी वसूल करणारं दुसरं कोणी माझ्या तरी पाहण्यात नाही.

कोळंबचा पूल ओलांडून उत्तरेकडे निघालं की आमच्या बाजूची वस्ती लागते. इथे केबलची तार खांबावरून येत नाही. ती माडावरून येते. एका माडावरून दुसऱ्या माडावर, तिथून कोणाच्या तरी गोठ्याच्या पाख्यावर, आणि शेवटी खिडकीच्या गजातून आत. तारेचा हा रस्ता ज्यांच्या माडांवरून जातो त्यांनी केबलवाल्याकडे भाडं कधी मागितलं नाही. मात्र पाडेली माडावर चढला आणि झावळ तोडताना तार तुटली, तर त्याच्याकडून भरपाईही कोणी मागत नाही. तुटते तेव्हा सगळ्या वाडीचीच तुटते. जूनच्या पहिल्या वादळी रात्री ती कुठेतरी तुटतेच. मग केबलवाला शिडी खांद्यावर टाकून भिजत फिरताना दिसतो, आणि पट्टीबद्दलचा माझा राग निदान त्या आठवड्यापुरता ओसरतो.

तार येण्याच्या आधीची गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हा वाडीत टेलिव्हिजन एकच होता, आणि तो देवळाजवळच्या एका घरात. चिव्याच्या उंच काठीला अँटेना बांधलेली, तिचं तोंड गोव्याकडे. एक मुलगा काठी फिरवायला अंगणात, दुसरा उंबऱ्यावर, तिसरा आत पडद्यासमोर. "इला काय?" "इला!" "आता?" "गेला!" "आता?" "आता दोन-दोन दिसतत!" या प्रश्नोत्तरांतच अर्धी करमणूक होऊन जाई. 1987 च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि दर रविवारी सकाळी त्या घरची पडवी माणसांनी भरू लागली. वहाणांचा ढीग पायरीपासून थेट तुळशीपर्यंत. ज्या बायका एरवी त्या घराशी बांधाच्या भांडणावरून बोलत नसत, त्याही येऊन मागे बसत आणि राम वनवासाला निघाला की भांडण विसरून घरच्या वहिनींच्याच पदराला डोळे पुसत.

दूरदर्शनला कोणी महिन्याची पट्टी देत नव्हतं, म्हणून रामायण फुकट होतं असं आपण समजतो. तसं ते नव्हतं. त्या वहिनी शनिवारी संध्याकाळी पडवी सारवून ठेवत. कोणाचं तरी मूल हमखास तिथेच मुतायचं. लहान पोरांच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे, म्हाताऱ्यांना चहा द्यावा लागे. एका रविवारी मी सहज विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "रामायण माका दीड लिटर दुधाक पडता!" वाडीच्या करमणुकीची पट्टी त्या एकट्या भरत होत्या, आणि तिची पावती कोणी फाडत नव्हतं.

पुढे 1991 च्या आखाती युद्धानंतर शहरांतून उपग्रहाच्या छत्र्या दिसू लागल्या, 1992 च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, आणि काही वर्षांनी माडामाडांवरून ती काळी तार आमच्यापर्यंत पोचली. आधी चार घरांत, मग सगळ्या घरांत. त्या वहिनींची पडवी रिकामी झाली. त्यांना हायसं वाटलं असेल, असं मला त्या वेळी वाटलं होतं. त्या मात्र कितीतरी दिवस रविवारी सकाळी पडवी झाडून ठेवत असत.

आता आमच्या घराविषयी थोडं, कारण पट्टीचा प्रश्न तिथेच येऊन अडला. आमचं घर चौसोपी नाही, पण लांबलचक आहे. वडिलांच्या आणि काकांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधोमध चिऱ्याची एक भिंत घातली. जोतं एक, आढं एक, कौलं एक. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे थोरली काकी. काकीचे दोन्ही झील मुंबईला. एक डोंबिवलीला, एक वसईला. ते गणपतीला आणि मे महिन्यात येतात. बाकीचे दहा-अकरा महिने भिंतीपलीकडे काकी, तिचं मांजर आणि टेलिव्हिजन. केबलची जोडणीही दोन, कारण केबलवाल्याच्या दृष्टीने भिंत पडली म्हणजे घरं दोन.

2019 च्या फेब्रुवारीत नवा नियम आला तेव्हा या दोन जोडण्या पहिल्यांदा माझ्या डोळ्यांवर आल्या. तोवर महिन्याला एक ठरावीक रक्कम द्यायची आणि जे दिसेल ते पाहायचं, असा सोपा व्यवहार होता. आता प्राधिकरणाने सांगितलं, ज्याला जी वाहिनी हवी ती त्याने निवडावी आणि तिचेच पैसे द्यावेत. विचार मोठा न्यायाचा होता. नुसती तार घरात येऊन शंभर वाहिन्या दिसण्याचे 130 रुपये, त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. आणि मग पैशाच्या वाहिन्या ज्याच्या त्याने आपापल्या आवडीने वर घ्यायच्या. वाहिनीची किंमत 19 रुपयांच्या आत असेल तरच ती गठ्ठ्यात बांधता येईल, असंही एक कलम होतं. साहजिकच मोठ्या वाहिन्यांनी आपली किंमत बरोबर 19 रुपये ठेवली. कायदा करणाऱ्याने कुंपण घातलं की बैल नेमका कुंपणाला अंग घासून उभा राहतो.

त्या रात्री आमच्या घरात जी सभा भरली तशी वाटणीच्या वेळीही भरली नव्हती. मध्ये वाहिन्यांचा छापील तक्ता, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. मुलाला क्रिकेट हवं, नातवाला कार्टून, पत्नीला मराठी मालिका, सुनेला पदार्थांचे कार्यक्रम. मी मोठ्या उदारपणाने म्हटलं, मला फक्त बातम्या पुरेत. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, बातम्यांच्या तर फुकटच्याच पुष्कळ आहेत, तुम्ही काही सोडलं असं होत नाही. बेरीज केली तेव्हा ती पूर्वीच्या पट्टीपेक्षा जास्त निघाली. एक एक खोडत गेलो, तर ज्याचं खोडलं तो रुसला. शेवटी दोन दिवसांनी केबलवाल्याने आपणच बांधलेला एक गठ्ठा आमच्या गळ्यात घातला. त्यात आम्हांला नको असलेल्या कितीतरी वाहिन्या होत्या, तरीही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निवड करण्याचा अधिकार किती दमवतो हे त्या तक्त्याने शिकवलं.

एका वाहिनीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं. त्याच जानेवारीत 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला होता. तिचं चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यात, आकेरीला. माणसांची बोली मालवणी. त्यातले अण्णा नाईक म्हणजे प्रत्येकाला आपल्या गावातल्या कोणाची तरी आठवण करून देणारे. आकेरीचा वाडा पाहायला माणसं गाड्या करून जाऊ लागली. आपलंच परसू, आपलीच विहीर, आपलीच भुतं, आणि ती पाहायला आपण दिल्लीने ठरवलेल्या दराने पैसे देत होतो. याचं मला हसू यायचं, पण रात्री साडेदहाला मीही बसायचो.

दर पुढे बदलत राहिले. 2020 मध्ये त्याच 130 रुपयांत दोनशे वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. 2024 च्या जुलैत या 130 रुपयांवरची कमाल मर्यादाच उठली. तपशिलात शिरण्यात अर्थ नाही. गठ्ठा मोठा होत गेला आणि पाहण्यासारखं कमी होत गेलं, एवढंच सांगितलं म्हणजे पुरे. एके दिवशी मुलाने कागदावर आकडे मांडून दाखवले. दोन जोडण्यांचे मिळून वर्षाला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात घराच्या एका पाख्याची कौलं परतून होतात. त्याचा उपाय सरळ होता. काकीची जोडणी तोडावी. संध्याकाळी काकीने आमच्याकडे येऊन बसावं. मध्ये भिंत, म्हणजे पावलं किती? वीस. त्यात काकीच्या दोन्ही डोळ्यांचा कारभार असा की पडद्यावर माणूस आहे की माड, हे तिला सांगावं लागतं. ज्याला दिसत नाही त्याने पाहण्याचे पैसे का भरावेत?

मी काकीला सांगायला गेलो. ती चुलीपुढे बसून कुळीथ पाखडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "झिला, माका दिसता काय त्या पेटयेत? पण दिवेलागणीक घरात माणसाचो आवाज व्हयो. नाय तर भिंती खावक येतत."

या वाक्यावर मी काही बोलू शकलो नाही, कारण त्यातला अर्धा भाग मलाही ठाऊक होता. आमच्या वाडीत आज अकरा घरं आहेत आणि त्यांतली चार बंद असतात. काकीच्या टेलिव्हिजनचा आवाज भिंतीतून आमच्याकडे येतो. सात वाजता सुरू होतो, साडेनऊला थांबतो. तो सुरू झाला नाही तर पत्नी हातातलं काम टाकून पलीकडे जाऊन येते. दोन वर्षांमागे काकी न्हाणीत घसरून पडली होती, तेव्हा सव्वासातपर्यंत आवाज आला नाही एवढ्यावरूनच आम्हांला कळलं होतं. डोंबिवलीचा झील रोज फोन करतो, पण आई पडली हे त्याला फोनवरून कळलं नसतं. आम्ही ज्या तारेची किंमत करमणूक म्हणून काढत होतो, ती या घरात दुसरंच काम करत होती.

म्हणून पर्याय शोधायचे तर आपल्यासाठी शोधावेत, असं ठरलं. पहिला पर्याय छतावरच्या छत्रीचा. तिच्यात सरकारी फ्री डिश ही 2004 पासून चालत आलेली सोय आहे. एकदा यंत्र आणि छत्री विकत घेतली की महिन्याची पट्टी नाही. पण कोणत्या खाजगी वाहिन्या तिथे दिसायच्या हे लिलावाने ठरतं, त्यामुळे आज दिसलेली वाहिनी उद्या दिसेलच असं नाही. आणि कोकणात छत्रीची दुसरी गंमत आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोराच्या पावसाचे थेंब त्या शोषून घेतात आणि उधळून लावतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. आषाढात बाहेर पडता येत नाही, तेव्हाच पडद्यावर चौकोन चौकोन होऊन चित्र गोठतं. पाऊस आला की मिटून बसणारी छत्री मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

दुसरा पर्याय मोबाईलचा. तो कोणी ठरवून घेतला नाही, तो आपोआपच झाला. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि घरातला प्रत्येक माणूस आपापला पडदा हातात घेऊन आपापल्या कोपऱ्यात गेला. नातू माळ्यावर, सून स्वयंपाकघरात, मुलगा पडवीत जिथे रेंज मिळते तिथे एका पायावर. कानांत बोंडं घातलेली, त्यामुळे घर इतकं शांत की पालीचा आवाज ऐकू यावा. 2024 च्या जुलैत याही स्वस्ताईचे दर वाढले, आणि चार माणसांच्या चार पट्ट्या मिळून केबलपेक्षा वरचढ झाल्या. पण मला पैशापेक्षा त्या शांततेचंच अधिक वाटलं. मोबाईलवर चांगलं काही नसतं असं मी म्हणत नाही. दशावतारी मंडळांची नाटकं हल्ली त्यावर आख्खीच्या आख्खी दिसतात, आणि मुंबईत गिरणगावातल्या खोलीत बसून आपल्या गावची जत्रा पाहणारी माणसं मला माहीत आहेत. मात्र भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं त्यात काही नसतं.

2021 च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ इथे आठवतं. 15 तारखेची रात्र आणि 16 चा दिवस. माड मुळासकट पडले, विजेचे खांब वाकले, कौलं उडाली. कित्येक दिवस वीज नव्हती. तार तर नव्हतीच. ज्या माडांवरून ती येत होती तेच आडवे झाले होते. मोबाईल दुसऱ्याच दिवशी मेले. तिसऱ्या संध्याकाळी काकीच्या भिंतीतून आवाज नाही म्हणून आम्ही पलीकडे गेलो, तर शेजारची वहिनी कंदील घेऊन आधीच येऊन बसलेली. मग आणखी दोघं आली. काळ साथीचा होता, म्हणून माणसं तोंडाला फडकी बांधून अंगणात लांब लांब बसली. करायला काही नव्हतं, रडून झालं होतं. अशा वेळी काकीने अचानक दशावताराची नाटकं सांगायला घेतली.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही त्यांना यातली खुबी सांगितली पाहिजे. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं आणि कोणी कोणतं सोंग घ्यायचं, हे रंगायला बसताना ठरतं. बाकीचं सगळं पायपेटी आणि पखवाज यांच्या साक्षीने रात्री समोर उभं राहतं. आधी गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येतो, आणि मग वेद पळवणारा संकासुर येतो. देव शुद्ध आणि पल्लेदार मराठी बोलतात. नखशिखांत काळा संकासुर मालवणीत बोलतो. साऱ्या मंडपात आपल्या भाषेत बोलणारा तेवढा एकच, त्यामुळे विष्णू त्याला मारतो तेव्हा सगळ्यांना बरं वाटतं आणि थोडं वाईटही वाटतं. तो समोर बसलेल्यांच्या खोड्या काढतो, सरपंचाला चिमटा घेतो, झोपलेल्याला उठवतो. नंतर आख्यान सुरू होतं ते पहाटेपर्यंत. आणि रात्री सिंहासनावर बसलेला माणूस सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावाची वाट धरतो. 'रात्रीचो राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण त्यातूनच आली. गावातल्या नाटकाच्या फजितीवर गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण' लिहिलं आणि 1980 पासून मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग केले. मालवणी माणसाच्या नाटकवेडाची ती जगजाहीर साक्ष. पिंगुळीच्या ठाकर मंडळींची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या हा आणखी एक धागा. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

काकीने त्या अंधारात संकासुर केला, भटजी केला, आणि साठ वर्षांपूर्वी आमच्या देवळापुढे एका राजाची दाढी ऐन युद्धात कशी सुटून पडली, हेही सांगितलं. तिला दिसत नाही, पण जे पूर्वी पाहिलं होतं ते अक्षरशः जसंच्या तसं साठवलेलं होतं. पाच-सहा संध्याकाळी हे चाललं. मग वीज आली आणि दुसऱ्या दिवसापासून अंगण पुन्हा मोकळं झालं. यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही. माणूस दिवसभर दमतो, त्याला घरी पाय पसरून बसायचं असतं. दुसऱ्याच्या अंगणात पाय पसरता येत नाहीत. तिथे नीट बसावं लागतं, हसावं लागतं, कोणाच्या पोराचं कौतुक करावं लागतं. डबलबारीच्या भजनाला जावं तर रात्र जागावी लागते, दोन्ही बुवांची बाजू घ्यावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी कामावर डुलक्या घ्याव्या लागतात. दशावताराला रात्रभर थंडीत जमिनीवर बसावं लागतं. या साऱ्या आपल्या जुन्या करमणुकींची पट्टी होती, ती अंगमेहनतीने आणि हजेरीने भरायची. केबलने ती रोखीत करून दिली. रोखीची पट्टी वाढली म्हणून आम्ही ओरडतो खरे, पण ती वाढूनही आजवर लोकांनी मुकाट्याने का भरली, याचं उत्तर मला त्या वादळानंतरच्या मोकळ्या अंगणात मिळालं.

गेल्या वर्षी आम्ही एक जोडणी तोडली. तोडली ती आमची. काकीची ठेवली. मुलाला हे आधी उफराटं वाटलं, पण हिशेब तोच होता. एक पट्टी वाचली. आता सात वाजता वीस पावलं आम्ही चालतो. यात गैरसोयी पुष्कळ. रिमोट काकीच्या हातात, आणि तिला चित्राशी कर्तव्य नसल्यामुळे ज्या माणसाचा आवाज तिला आवडतो तीच वाहिनी लागते. क्रिकेट ती लावू देत नाही. त्यात माणसं बोलतात, पण 'गजाली सांगणत नाय' असं तिचं म्हणणं. मुलगा मोबाईलवर धावसंख्या पाहतो आणि मध्येच ओरडतो, त्यावर काकी दचकते. शेजारची वहिनी येऊ लागली आहे. चहा होतो. दूध किती लागतं ते मी मोजत नाही, पत्नी मोजते.

पावसात तार तुटली की वाचन होतं. हे सुचलं नातीला. ती शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवते आणि तिला ऐकणारं माणूस हवंच असतं. मी मालवणच्या वाचनालयात दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे भरले. वर्षभर अंक आलटून पालटून घरी आणायचे, वाचायचे आणि परत द्यायचे. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा रुजवली ती 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने. त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या आजगावचे. बंगालीच्या प्रेमाने त्यांनी 'मित्र' हे नाव घेतलं. 1895 साली एका कोकणी माणसाने मासिकाचं नाव 'मनोरंजन' ठेवावं आणि सव्वाशे वर्षांनी दुसऱ्याने मनोरंजन परवडत नाही म्हणून दिवाळी अंकाकडे वळावं, हे मला मोठं मजेचं वाटलं. नातीने काकीला ते सांगितलं, तेव्हा काकी म्हणाली, आजगावचो माणूस तो, तेका गजालीची आवड आसतलीच.

काकी कथा ऐकते ती स्वस्थ ऐकत नाही. मधेच थांबवते. "तिना पुढे काय केल्यान ता आधी सांग, मगे तो पाऊस नि चांदणा वाच!" कथेतली बाई नवऱ्याला सोडून गेली, तर ती कोणत्या गाडीने गेली हे तिला हवं असतं. लेखकाने ते लिहिलेलं नसतं. मग वहिनी आणि काकी मिळून ते ठरवतात, आणि ती बाई सावंतवाडी रोडला पहाटेच्या गाडीत बसते. कथेचा शेवट सूचक असेल तर काकी नातीला पान उलटून पाहायला लावते. पुढे दुसऱ्याच लेखकाची कविता निघाली की तिला फसवल्यासारखं वाटतं. मराठी कथाकारांनी एखादी संध्याकाळ आमच्या काकीपुढे बसून काढावी, असं मला अनेकदा वाटलं आहे.

येत्या कार्तिकात देवळाची जत्रा आहे. काकीने यंदा दशावताराला जायचं ठरवलं आहे. सात-आठ वर्षांत ती गेलेली नाही. आम्ही म्हटलं, काकी, थंडी असते, पहाट होते, तुला दिसायचंही नाही. मोबाईलवर लावून देतो, अंथरुणात पडून ऐक. ती ऐकायला तयार नाही. खुर्ची पायपेटीच्या बाजूला हवी, सूर नीट ऐकू आले पाहिजेत, आणि संकासुर आला की पहिला टोमणा तीच मारणार आहे. "माका तो दिसणा नाय, पण माझो आवाज आयकलो की तो वळाखतलो. तेचो बापूस वळाखी!" वहिनी तिच्याबरोबर बसणार, नात शाल आणि थर्मास घेऊन येणार, मुलगा पहाटे घ्यायला येणार. देवळापर्यंतच्या रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं कोणी द्यायचं, यावर सध्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाद चालू आहे.